मासेमारीच्या कयाकला शीड : घरी शिवावं, विकत घ्यावं की नाद सोडावा?

गळकरी (शनिवार, सकाळी ७.१०)

मंडळी, सहा वर्षं झाली, मी कयाकवरून गळ टाकतो. कयाक प्लास्टिकची, वर बसायची, ३.६ मीटर लांब आणि ८२ सेंटिमीटर रुंद. मागच्या वर्षी उजवा खांदा निखळला. आता बरा आहे, पण तासभर वल्हवलं की ठणकायला लागतो. माझी मासे लागायची जागा उतरण्याच्या ठिकाणापासून तीन किलोमीटरवर. जाताना काही वाटत नाही. येताना मात्र दिवसभराचं ऊन, त्यात दुपारचा वारा, आणि शेवटचा किलोमीटर अक्षरशः डाव्या हातावर काढतो.

म्हणून शीड लावायचं मनाने घेतलं आहे. तीन प्रकार पाहिले. एक गोल, घडी होणारं, हातात धरायचं. दुसरं नाळेवर, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकावर, व्ही आकारात उभं राहणारं. तिसरं डोलकाठीवरचं तिकोनी. घरी शिवणयंत्र आहे, चांगला वाळलेला बांबू आहे, त्यामुळे तिसरं स्वतः करावं असं वाटतंय.

विचारायचं हे: किती मोठं शीड पुरे? डोलकाठी रिकाम्या रॉड होल्डरमध्ये, म्हणजे गळाची काठी रोवायच्या नळीत, रोवली तर चालेल का? कयाक उलटली तर पुढे काय? आणि मुख्य म्हणजे, शीड मला परत आणेल का? जायला माझे हात पुरतात.

ताणदोरी (शनिवार, सकाळी ८.०२)

रॉड होल्डरमध्ये रोवू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश बोलू.

मी तेच केलं होतं. होल्डरची नळी जेमतेम वीतभर खोल असते. वाऱ्याचा जोर तिच्या वर पाऊण मीटरवर बसतो आणि खाली आधार त्या वीतभराचाच. म्हणजे नळीच्या कडेवर मूळ जोराच्या चार-पाच पट ताण. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी घरी येऊन कयाक उपडी केली तर आतून बादलीभर पाणी निघालं. होल्डरच्या बुडाशी केसासारखी चीर होती. पाण्यावर असताना मला एवढंच जाणवलं होतं की आज कयाक जरा जड लागतेय. आतलं मोकळं पाणी एका बाजूला धावलं की तोल जातो, म्हणून ती चीर मला अजून आठवते.

डोलकाठीचा पाया नाळेकडच्या सपाट भागावर बसवा. आत हात पोचत असेल तर खालून लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी द्या आणि नट-बोल्टला मोठे वायसर घाला. हात पोचत नसेल तर आत तीन पाकळ्या उघडणाऱ्या रिव्हेट मिळतात. गोंदाच्या भरवशावर काहीही ठेवू नका, या प्लास्टिकला, म्हणजे पोलिएथिलीनला, गोंद धरत नाही. भोकांतून पाणी शिरू नये म्हणून ब्युटाइल रबराची चिकटपट्टी लावा.

पाणकोंबडी (शनिवार, सकाळी ८.१५)

मोठी छत्री उघडा आणि निघा. मी तळ्यात केलंय, खरंच चालते!

ताणदोरी (शनिवार, सकाळी ८.२१)

चालते हे खरं. शिडाची चव घ्यायला छत्रीइतकं स्वस्त साधन नाही. फक्त दोन्ही हात तिच्यात अडकतात, वल्ह्याला हात उरत नाही. गोल शिडाची अडचणही तीच: दोऱ्या धरून बसायचं, आणि वारा पाठीमागून हवाच.

प्रमेय (शनिवार, सकाळी ९.४०)

मापाचं मी सांगतो. ढोबळ हिशोब आहे, पण उपयोगी पडेल.

शिडावरचा जोर क्षेत्रफळाच्या पटीत आणि वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १ चौरस मीटर शिडावर ताशी १८ किलोमीटर वारा साधारण १.८ किलो वजनाइतका जोर लावतो. ऐकायला फार वाटत नाही, पण जड कयाक आरामात वल्हवताना लागणारा जोर याच पट्टीतला असतो. वारा ताशी ३६ झाला की तोच जोर ७ किलोच्या पुढे. वारा दुप्पट, जोर चौपट.

आता तोल. शिडाचा जोर पाण्यापासून एक मीटर उंचीवर धरला, तर ३६च्या आडव्या वाऱ्यात ८० किलोच्या माणसाला कयाक सरळ ठेवायला ९ सेंटिमीटर बाजूला सरकावं लागतं. बसल्या जागी कलून ते जमतं. हेच शीड २ चौरस मीटर केलं आणि उंच डोलकाठीमुळे जोर दीड मीटरवर गेला, तर २७ सेंटिमीटर. गळकरी यांच्या कयाकची निम्मी रुंदी ४१ आहे आणि बैठक मधोमध पक्की. कुठे सरकणार?

माझं मत: १ चौरस मीटर, त्याहून इंचभर जास्त नाही. डोलकाठीकडची कड दीड मीटर, खालची १.३५ मीटर. झाला १ चौरस मीटर.

पाणकोंबडी (शनिवार, सकाळी ९.५१)

प्रमेय सर, हे परीक्षेला आहे का? :)

प्रमेय (शनिवार, सकाळी १०.०५)

आहे, आणि परीक्षा पाण्यात आहे. आणखी एक राहिलं. पाठवाऱ्यात तुम्ही ताशी ५ने पळत असाल तर १८च्या वाऱ्यातला फक्त १३ शिडाला लागतो, म्हणजे जोर जवळपास निम्मा. पळताना वारा पडल्यासारखा वाटतो तो यामुळे. वळून वाऱ्याला तोंड दिलं की तोच वारा २३चा होऊन अंगावर येतो. पाठवाऱ्यात फसगत होते ती इथे.

सागरवेडी (शनिवार, दुपारी १.३०)

प्रमेय यांच्या शेवटच्या ओळींचा अनुभव मी घेतला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे गोल शीड होतं. मोठ्या तलावावर पहिल्याच दिवशी उघडलं आणि कयाक अशी सुटली की मी एकटीच हसत होते. चार किलोमीटर पाऊण तासात, हाताला काही कष्ट नाहीत. पलीकडच्या काठाला लागले तेव्हा लक्षात आलं की आता शीड मिटून परत वल्हवायचं आहे, त्याच वाऱ्याला छाती देऊन. लाटा मधोमध फुटत होत्या. परतायला साडेतीन तास लागले. वल्हं थांबवलं की कयाक मागे सरकायची, त्यामुळे पाणी प्यायलाही थांबता येईना. तळहातांना फोड आले होते, पण त्याहून मोठी होती ती भीती. ती पुढे महिनाभर गेली नाही.

गळकरीदादा, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर त्या दिवसात आहे. व्ही आकाराचं किंवा गोल शीड वारा जातो तिकडेच नेतं. तिकोनी शिडाने आडव्या वाऱ्यात छान जाता येतं. वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर बाजूला पाण्यात उतरणारी फळी हवी, सुकाणू हवं आणि नागमोडी जायची तयारी हवी. तरीही कयाक वाऱ्याच्या रेषेपासून साठ-सत्तर अंश बाजूलाच जाईल. तीन किलोमीटरचे सात-आठ होतात.

म्हणून मी विचारते: तुमच्याकडे दुपारी वारा कुठून कुठे वाहतो? आणि तुम्ही उतरता कुठे?

गळकरी (शनिवार, रात्री ८.४५)

ताई, तुमचा अनुभव दोनदा वाचला. ताणदोरी, होल्डरचा विचार सोडला.

वाऱ्याचं सांगतो. मी खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला उतरतो आणि तीन किलोमीटर आत जातो. दुपारी अकरा-बारानंतर समुद्रावरचा वारा खाडीत शिरतो आणि परतीच्या वाटेवर नेमका तोंडावर येतो.

सागरवेडी (शनिवार, रात्री ९.१०)

मग तुम्ही म्हणता त्या वाटेवर कुठलंच शीड तुम्हाला परत आणणार नाही. हे स्पष्ट लिहिते, वाईट वाटून घेऊ नका. जाताना मात्र नेईल, अगदी आनंदाने नेईल. धोका तोच.

पायचाक (रविवार, सकाळी ६.५५)

खांदा दुखतो ना? मग शीड कशाला, पाय आहेत की. पायाने चालवायची कयाक घ्या. होबी कंपनीने १९९७मध्ये पंखांसारख्या हलणाऱ्या पात्यांचं पेडल आणलं, तेव्हापासून गळवाल्यांचं जगच बदललं. दोन्ही हात रॉडला मोकळे. तोंडावरच्या वाऱ्यातही जाता येतं. शिडाच्या दोऱ्या, काठ्या, भोकं, सगळी कटकट वाचते.

तळठाव (रविवार, सकाळी ७.४०)

पायचाक यांच्याशी अर्धा सहमत. खांद्यासाठी पेडल उत्तमच. पण तिला खाली पाणी लागतं. उथळात, गवतात, खडकात पाती वर घ्यावी लागतात आणि मग पुन्हा वल्हंच. शिवाय असलेली कयाक विकून नवी घ्यायची ही सगळ्यांच्या हातातली गोष्ट नाही. माणूस बांबू आणि शिवणयंत्र घेऊन बसला आहे, त्याला तेवढं तरी करू द्या.

पायचाक (रविवार, सकाळी ८.०५)

करू द्या की. पण सागरवेडीताईंनी सांगितलंच, शीड परत आणणार नाही. पेडल आणेल. खांदा मध्येच पुन्हा निखळला तर काय, याचं उत्तर शिडाकडे नाही.

उलटापालटा (रविवार, सकाळी ११.२०)

उलटण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. मी आजवर अकरा वेळा उलटलो आहे, त्यातले नऊ मुद्दाम.

शीड असलेली कयाक उलटली की नुसत्या कयाकसारखी सरळ होत नाही. डोलकाठी खाली लटकते, शिडात पाणी भरतं. तुम्ही कडा धरून ओढता तेव्हा ते सगळं पाणी उचलत असता. पहिल्यांदा मला वाटलं कयाक कशात तरी अडकली. तेव्हा क्रम असा: आधी शिडाची ओढदोरी (शीड आत ओढून धरायची दोरी) पूर्ण सोडा, मग डोलकाठीची एक ताणदोरी (काठी उभी धरून ठेवणारी दोरी) सोडून काठी कयाकला समांतर पाडा, मग कयाक सरळ करा. हे सगळं पाण्यात तरंगत, एका हाताने. म्हणून सगळ्या गाठी ओढली की सुटणाऱ्या हव्यात. लाइफ जॅकेटवर, हाताला सहज लागेल असा चाकू हवा. दोऱ्या आणि गळाची तंगूस पायाला गुंडाळली जाते, तेव्हा गाठ शोधायला वेळ नसतो.

आणि ओढदोरी कधीही बांधून ठेवू नका. हातात धरा, किंवा झटका दिला की सुटेल अशा दातेरी पकडीत ठेवा. जोराचा झोत आला की दोरी सोडायची, शीड फडफडू द्यायचं. फडफडणारं शीड कुणाला उलटवत नाही.

शीड लावल्यावर पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या पाण्यात, किनाऱ्यावर माणूस उभा करून, तीनदा मुद्दाम उलटा. रॉड घरी ठेवा त्या दिवशी. गळकरी, तुमचा खांदा या कामाला तयार आहे का ते तिथेच कळेल. पाण्यातून वर चढताना खांद्यावर वल्हवण्याहून जास्त भार येतो.

गळकरी (रविवार, दुपारी २.००)

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चढायचा सराव खांद्याच्या दुखण्यानंतर एकदाही केलेला नाही. आधी तो करतो.

भरतीवाला (रविवार, दुपारी ४.३०)

बाजूला आडव्या दांडीवर दोन फ्लोट, म्हणजे तरंगते, लावले की उलटायचा प्रश्नच मिटतो ना? मी लावलेत, उभा राहून गळ टाकतो.

उलटापालटा (रविवार, दुपारी ४.५०)

मिटत नाही, पुढे ढकलला जातो. फ्लोटमुळे कयाक कलत नाही, त्यामुळे वारा किती वाढला ते कळायचं बंद होतं. मग एक तर आडवी दांडी मोडते किंवा डोलकाठीचा पाया उखडतो. मोठ्या शिडाला फ्लोट हवेतच, मान्य. १ चौरस मीटरला नकोत असं माझं मत.

तळठाव (रविवार, संध्याकाळी ५.१५)

आणि मासा कयाकखालून पळाला की फ्लोटभोवती तंगूस गुंडाळलीच समजा. चांगला मोठा मासा असाच गेलाय माझा.

जुनीलाट (रविवार, रात्री १०.१०)

बांबूच्या डोलकाठीला कुणी हसू नये म्हणून एक जुनी गोष्ट. स्कॉटिश वकील जॉन मॅकग्रेगर १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाची छोटी होडी घेऊन युरोपातल्या नद्यांवर फिरला. होडी ओकच्या फळ्यांची, १५ फूट लांब, माणूस दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायचा, आणि वाऱ्यासाठी डोलकाठी होती बांबूची. हौसेने कयाक चालवणाऱ्यांची परंपरा बरीचशी त्याच्यापासून सुरू होते. म्हणजे कयाक, शीड आणि बांबू पहिल्यापासून एकत्रच आहेत.

दुसरं नाव हान्नेस लिंडेमान. जर्मन डॉक्टर. १९५६मध्ये क्लेपर कंपनीच्या घडीच्या कयाकला शीड लावून एकट्याने अटलांटिक ओलांडला, ७२ दिवसांत. शेवटी शेवटी वादळात कयाक उलटली आणि रात्रीच्या अंधारात तो उलट्या कयाकला धरून राहिला. तोल राहावा म्हणून त्याने वल्ह्याला गाडीच्या ट्यूबचा तुकडा बांधून बाजूचा फ्लोट केला होता.

सागरवेडी (रविवार, रात्री १०.३०)

जुनीलाट, लिंडेमान कॅनरी बेटांवरून निघून कॅरिबियनला लागला, म्हणजे व्यापारी वारे बहुतेक वाट पाठीवर होते. ७२ दिवस त्याने वाऱ्याशी भांडण टाळलं. तो उलट्या दिशेने निघाला असता तर? मला ही गोष्ट म्हणूनच आवडते. त्याने आधी वारा निवडला, मग वाट.

जुनीलाट (रविवार, रात्री १०.४२)

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. बरोबर आहे.

सुईदोरा (सोमवार, सकाळी १०.००)

शिवणाऱ्यांसाठी माझ्या तीन शिडांचं सार. पहिलं ताडपत्रीचं, दुसरं छत्रीच्या नायलॉनचं, तिसरं शिडाच्या खास पॉलिएस्टर कापडाचं.

ताडपत्री पहिल्या प्रयत्नाला उत्तम, तिच्यावर चुका करून घ्याव्यात. नायलॉन हलकं, घडी छोटी होते, पण ओलं झालं की ताणतं आणि शिडाचं पोट नको तिथे सुटतं. पॉलिएस्टर आकार धरून राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं: सरळ रेषेत कापलेला सपाट तिकोन चांगलं शीड होत नाही. डोलकाठीकडची कड मध्यभागी तीन-चार सेंटिमीटर बाहेर फुगवून कापायची. ती सरळ काठीवर चढली की जास्तीचं कापड आत जातं आणि पोट तयार होतं. पोटाची खोली शिडाच्या रुंदीच्या दहाव्या भागाएवढी असावी, आणि सर्वांत खोल जागा मधल्या रेषेच्या थोडी पुढे, काठीकडे. मागची कड मात्र फुगवू नका, फडफडते आणि महिनाभरात दोरे सुटतात.

तिन्ही कोपऱ्यांना चार-पाच पदर द्या, प्रत्येक पदर आधीच्यापेक्षा मोठा. सगळा ताण तिथेच येतो. टाका झिगझॅग, दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको. काठीसाठी कडेला बाही शिवा. कापडाचा उभा-आडवा धागा मागच्या कडेला समांतर ठेवा, तिरका कापलात तर तीच कड लोंबणार.

आणि खिडकी! पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मध्ये शिवा. समोरून येणारी होडी शिडाआड लपते, मी एकदा फार उशिरा पाहिली.

बांबूबन (सोमवार, सकाळी ११.३५)

बांबूला भोक पाडू नका, उभा चिरतो. कड्या दोरीने करकचून बांधा, वर इपॉक्सीचा हात द्या. तुटला तर पेराच्या जवळ तुटतो, म्हणून खालचं पेर भरीव निवडा. पीव्हीसी नळीच्या वाटेला जाऊ नका, धनुष्यासारखी वाकते.

ताणदोरी (सोमवार, दुपारी १२.१०)

दोन बाजूंना दोन आणि पुढे एक, अशा ताणदोऱ्या दिल्या की बांबूवर फार भार राहत नाही. पुढची दोरी बंजीची ठेवा म्हणजे काठी आपोआप उभी राहते आणि मागे ओढली की पडते. एक पाहा, शिडाच्या खालच्या कडेची दांडी मागच्या टोकाला वर उचललेली हवी, नाहीतर प्रत्येक वल्ह्याला ती आडवी येणार.

शीड पुढे असलं की नाळ वारा जातो तिकडे वळू पाहते. बहुतेक कयाक शिडाशिवाय उलट वागतात, नाळ वारा येतो तिकडे फिरवतात. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी खातात, उरलेलं सुकाणूवर. सुकाणू नसेल तर दिशा धरायलाच वल्हं लागेल आणि खांद्याला विश्रांती मिळणार नाही. गळकरी, आहे ना सुकाणू?

गळकरी (सोमवार, रात्री ९.००)

आहे, पायाने चालणारं.

नियमावली (मंगळवार, सकाळी ९.१५)

थोडं बाजूचं, पण माहीत असावं. समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यात शिडाच्या नौकेने मासेमारीत गुंतलेल्या नौकेपासून दूर राहायचं असतं. पण मासेमारीत गुंतलेली म्हणजे जाळी किंवा दोऱ्यांमुळे वळणं अवघड झालेली. मागे गळ ओढत जाणारी, म्हणजे ट्रोलिंग करणारी, त्यात धरत नाहीत. तेव्हा शीड उभारून गळ ओढताना ‘मी मासेमारी करतोय, मला वाट द्या’ असं म्हणता येत नाही. सात मीटरपेक्षा लहान शिडाच्या नौकेला रात्री नेहमीचे दिवे लावणं जमत नसेल, तर पांढरा उजेड देणारी बॅटरी हाताशी हवी आणि टक्कर टाळता येईल इतक्या आधी दाखवायला हवी.

पाणकोंबडी (मंगळवार, सकाळी ९.३०)

हे खरंच माहीत नव्हतं. माझ्या छत्रीलाही लागू असणार!

तळठाव (मंगळवार, रात्री ८.२०)

गळाचं बोलू थोडं, शेवटी मासे पकडायला जातोय आपण.

शिडावर ट्रोलिंग फार सुंदर होतं. आवाज नाही, वल्ह्याचा छपछपाट नाही, वेग ताशी तीन ते पाच. आमिष एका लयीत चालतं. पण रॉड मागे तिरके लावा, बाहेरच्या बाजूला. उभे लावलेत तर ओढदोरी टोकांत अडकते आणि नेमकी दोरी सोडायची वेळ येते तेव्हाच अडकते. मोकळे गळ झाकून ठेवा, शिडाला एक गळ लागला की हातभर फाटतं.

मासा लागला की आधी शीड पाडा, मग रीळ. लोभ होतो, आवरा.

आणि नांगर. शीड उभं असताना नांगर कधीही टाकू नका. मागच्या टोकाला नांगर आणि पुढे वारा भरलेलं शीड, अशी कयाक मागून पाण्याखाली ओढली जाते. मी काठावरून पाहिलं आहे, माणूस वाचला, सामान सगळं गेलं.

गळकरी (बुधवार, रात्री ९.३५)

सगळं वाचतोय, वहीत उतरवतोय. काल कमरेएवढ्या पाण्यात भावाला उभं करून चढायचा सराव केला. उजव्या हातावर भार देऊन जमत नाही. पाय आधी वर टाकून, डावीकडून, आडवं होऊन जमतं. सहा वेळा जमलं. शीड शिवायला बसतोय.

सागरवेडी (बुधवार, रात्री १०.००)

तुमच्या खाडीचा विचार करत होते. समुद्रावरचा वारा दुपारी आत येतो कारण जमीन पाण्याच्या आधी तापते. रात्री जमीन आधी निवते, म्हणून पहाटे बऱ्याचदा मंद वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. म्हणजे खाडीत रोज एक जाणं-येणं आहेच, फक्त तुम्ही त्याच्या उलट्या टोकाला उभे आहात. खाडीच्या आतल्या बाजूला उतरायला जागा आहे का? सकाळी तिथून तोंडाकडे यायचं, मासे धरायचे, दुपारचा वारा आला की शीड उभारून आत परत.

गळकरी (बुधवार, रात्री १०.२०)

आहे! मासे लागतात त्या जागेच्या चार किलोमीटर आत एक उतार आहे. गाडीने अर्धा तास जास्त लागतो म्हणून कधी गेलोच नाही. सहा वर्षं.

भरतीवाला (बुधवार, रात्री १०.४०)

भरतीचं वेळापत्रक जुळवा. सकाळी ओहोटी, दुपारी भरती असा दिवस धरा, मग पाणीही तुमच्याच बाजूने. उलट झालं, म्हणजे ओहोटी बाहेर आणि वारा आत, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेवढाच वारा, पण पाणी दुप्पट खवळलेलं. त्या दिवशी शीड काढू नका.

पायचाक (गुरुवार, सकाळी ७.००)

हे मला पटलं. पेडलचा आग्रह मागे घेतो, निदान या खाडीपुरता.

गळकरी (पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.१५)

धागा वर काढतोय, कारण सांगायचं राहिलं होतं.

पहिलं शीड ताडपत्रीचं शिवलं, मागची कड लोंबली, सुईदोरा यांनी सांगितलं होतं तेच चुकलं. कापडाचा धागा तिरका गेला होता. दुसरं पॉलिएस्टरचं, खिडकीसकट. डोलकाठी बांबूची, भोक एकही नाही. पाया नाळेकडे, खालून ॲल्युमिनियमची पट्टी. मुद्दाम उलटण्याचा कार्यक्रम दोन रविवार केला. पहिल्या वेळी ताणदोरीची गाठ ओल्याने घट्ट झाली आणि सुटेना, चाकूने कापली. आता तिथे ओढून सुटणारी गाठ आहे आणि टोकाला लाल मणी, पाण्यात हाताला लागावा म्हणून.

आतापर्यंत आतल्या उतारावरून चार फेऱ्या झाल्या. सकाळी वारा जवळपास नसतो, ओहोटीबरोबर निवांत वल्हवत जातो. कालची परत यायची फेरी सांगतो. साडेबाराला खाडीच्या तोंडाकडून पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला, मागून गार झुळूक. रॉड आवरले, काठी उभी केली, ओढदोरी हातात. कयाक आधी जराशी अडखळली आणि मग खालून पाण्याचा बारीक खळखळाट सुरू झाला, तो उतारापर्यंत थांबला नाही. चार किलोमीटर, ५० मिनिटं. भरतीचा हात होताच. वल्हं मांडीवर आडवं. खांदा कालही दुखला नाही, आज सकाळीही नाही.

सागरवेडीताई, तुम्ही वाऱ्याची दिशा विचारली नसती तर मी हेच शीड खाडीच्या तोंडाशी लावलं असतं.

एकदाच घाबरलो. तिसऱ्या फेरीत पांढऱ्या लाटा सगळीकडे दिसायला लागल्या, शीड काढलं तरी वेग कमी होईना असं वाटलं. वारा असा वाढतो तेव्हा शीड अर्धं करता आलं तर बरं. कसं करू?

सागरवेडी (रविवार, रात्री ८.३०)

वाचून किती बरं वाटलं सांगू. सगळीकडे पांढऱ्या लाटा म्हणजे वारा ताशी वीसच्या वर गेला. एखाददुसरी दिसते तेव्हाच कमी करायला घ्यायचं.

सुईदोरा (रविवार, रात्री ९.०५)

खालच्या कडेपासून ४० सेंटिमीटरवर, तिला समांतर, आडवी पट्टी शिवा. दोन्ही टोकांना कोपऱ्यासारखेच जाड पदर, मध्ये तीन आयलेट (दोरी ओवायच्या गोल कड्या) आणि त्यांत छोट्या दोऱ्या. वारा वाढला की शीड तेवढं खाली घ्यायचं, जास्तीचं कापड गुंडाळून दांडीला बांधायचं. बाही ४० सेंटिमीटरवर उसवून दोन तुकड्यांत करावी लागेल, नाहीतर खालचा भाग काठीवर चुणतो.

प्रमेय (रविवार, रात्री ९.२०)

सुईदोरा यांचा ४०चा आकडा अगदी बरोबर आहे. दीड मीटरची उंची १.१ उरते, क्षेत्रफळ निम्म्याहून किंचित जास्त. जोराची उंचीही १३ सेंटिमीटर खाली येते.

गळकरी (रविवार, रात्री ९.२५)

आयलेट पितळी घालू की प्लास्टिकचे?

सुईदोरा (रविवार, रात्री ९.३१)

पितळी. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून मगच घडी घाला.